खडकोळीच्या टाक्यातली झील

मुखडा

सयाजी पाचंगे यांना कोल्हापुरातल्या सिनेमाच्या लाइनीत सगळे सयातात्या म्हणत. तात्यांना दोन सवयी होत्या आणि दोन्ही सुटण्यासारख्या नव्हत्या.

पहिली सवय आभार मानण्याची. लिफ्टचं दार उघडलं की लिफ्टला, पेटीचा भाता मिटला की पेटीला, विजेवरचा टेम्पो घाट चढून वर आला की टेम्पोला, तात्या मान किंचित तुकवून म्हणत, "उपकार झाले." चहावाल्याला पहिल्या घोटाला एकदा आणि शेवटच्या घोटाला एकदा. यात ढोंग नव्हतं. आपल्यासारख्या माणसासाठी जग एवढी खटपट करतं याचंच त्यांना नवल वाटे.

दुसरी सवय घरातून आलेली. वडील शाहीर, आणि तात्या चड्डीत होते तेव्हापासून वडिलांच्या मागे उभे राहणारे झीलकरी. शाहीर ओळ गातो आणि श्वास घ्यायला थांबतो. त्या श्वासाच्या जागेत मागचा माणूस ओळीचं शेपूट उचलतो, वरच्या पट्टीत नेतो आणि शाहिराला पुढची ओळ सुचेपर्यंत हवेत धरून ठेवतो. ते धरणं म्हणजे झील. "झील पडली की पोवाडा पडला," वडील म्हणत, आणि झील पडली की डफाची कड डोक्यात बसे. त्यामुळे साठी उलटली तरी समोर कुणी ओळ अर्धी सोडली की तात्यांचा गळा आपोआप उघडे. मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी दम खायला थांबले, की मांडवाच्या मागून तात्या. फोनवर यंत्रातली बाई "कृपया प्रतीक्षा करा" म्हणून थांबली, की इकडून तात्या:

झील : करा हो करा!

पहिला अंतरा

तर संगीतकार म्हणून तात्यांच्या हातात तेव्हा जो सिनेमा होता त्याचं नाव 'देवगिरी डीलक्स'. इचलकरंजीच्या एका बँडची दिव्यांनी लखलखणारी गाडी वरातीवरून परतताना तिच्यावर वीज पडते आणि गाडी थेट यादवांच्या राज्यात जाऊन उभी राहते. गाडीत कीबोर्ड वाजवणारा पिंटू, दोन ट्रंपेटवाले आणि नवरदेवाचा घोडा. घोड्याला तिथे काही वेगळं वाटत नाही. बाकी तिघांना मात्र नाचून-गाऊनच पोट भरावं लागतं.

सीन. देवगिरीचा बाजार. दिवस.
कोतवाल : कोण तुम्ही?
पिंटू : बँड.
कोतवाल : म्हणजे काय?
पिंटू : गावात लग्न आहे का कुठं? दाखवतोच.
(गाणं सुरू. घोडासुद्धा नाचतो.)

हलकाफुलका मामला. दिग्दर्शक भार्गव तिशीतला, अंगात सळसळ, बोलण्यात गिरकी. त्यानं स्क्रिप्ट वाचून दाखवली तेव्हा तात्या पोट धरून हसले आणि जाताना स्क्रिप्टला "उपकार झाले" म्हणून गेले. चाली भराभर झाल्या. फक्त शेवटचं गाणं अडलं होतं: पिंटू आपल्या काळात परत निघतो, ते निरोपाचं. तात्यांना त्याचा मुखडा सुचत होता आणि मुखड्यानंतर काहीच सुचत नव्हतं.

असा सिनेमा दहा वर्षांपूर्वी डोळे मिटून चालला असता. पण मधल्या काळात चुना बोलू लागला होता.

झील : चुना बोलू लागला, जी!

म्युझिक पीस

दोन अंतऱ्यांच्या मध्ये सतार वाजते, तसं इथे थोडं विज्ञान वाजू द्या.

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग तो चुना पाण्यात विरवून, वाळूत कालवून भिंतीला लावला की गेलेला वायू तो हवेतून परत ओढून घेतो आणि सावकाश पुन्हा दगड होतो. म्हणजे चुन्याचा गिलावा नुसता वाळत नाही, श्वास घेतो. त्या श्वासात त्या वेळची हवा अडकते, म्हणून कार्बन मोजून गिलाव्याचं वय काढता येतं. हे लोकांना जुनंच ठाऊक होतं. नवा शोध पुढचा. दगड होताना चुन्याचे स्फटिक थरावर थर रचत जातात. त्या वेळी शेजारी कुणी बोललं, गायलं, ठोकलं, तर ओल्या थरातलं पाणी थरथरतं आणि स्फटिक अगदी किंचित कलते बसतात. ध्वनीची लाट त्या कलण्यात गोठून राहते. लेसरनं एकेक थर उडवत ते कल मोजले आणि संगणकाकडून उलगडून घेतले, की आवाज परत येतो. ठेका स्वच्छ, सूर बऱ्यापैकी, शब्द पुसट. अट एकच: वाचलेला थर उडून जातो. चुना जे सांगायचं ते एकदाच सांगतो.

पुण्यात हे यंत्र ज्या थोड्या लोकांनी उभं केलं त्यांत रेवती पाचंगे होती. सयातात्यांची एकुलती एक लेक.

सुरुवातीला लोकांना वाटलं, आता राजांचे आवाज ऐकू येणार. दरबार, मसलती, तहाच्या अटी. पण ओल्या भिंतीजवळ उभं कोण असतं? राजे महाल वाळल्यावर राहायला येतात. त्यामुळे जिथे जिथे चुना वाचला तिथे तिथे ऐकू आलं ते असं: "घमेलं दे." "भाकरीबरोबर काय आणलंयस?" "मुकादम आला, ऊठ." आणि मग गाणी, शिव्या, जांभया. इतिहासात राजे मुके झाले आणि गवंडी बोलू लागले.

लोक या आवाजांवर भाळले. खऱ्याची एकदा चटक लागल्यावर खोटं टोचायला लागतं. ऐतिहासिक मालिकांतले सरदार तोंड उघडायच्या आत घराघरांत हशा पिकू लागला. सिनेमे घेणाऱ्या कंपन्यांनी मग 'अस्सल' नावाची मोहोर काढली: सिनेमा ज्या काळातला, त्या काळाचा निदान एक खरा आवाज त्यात पाहिजे, आणि तो निर्भेळ असल्याचा जाणकाराचा दाखला पाहिजे. कीबोर्डवाल्या पिंटूच्या सिनेमालासुद्धा.

झील : पिंटूलासुद्धा!

दुसरा अंतरा

"तात्या, एक ओळ चालेल," भार्गव म्हणाला. "एक हाळी चालेल. यादवांच्या काळात कुणी शिंकलं असेल तर ती शिंकसुद्धा चालेल. पण मोहोर नसेल तर कंपनी सिनेमाला हात लावणार नाही."

"मग रे?"

"मग काय. तुमची रेवती."

तात्यांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. रेवती शाळेत असताना गॅदरिंगला त्यांनी पोवाडा बसवला होता. मुख्य गाणारे आपण, मागे झीलेला लेक, असा बेत. रंगीत तालमीला रेवती पुढे येऊन म्हणाली, "तात्या, मला कुणाच्या मागे उभं राहायचं नाही." पोर रागावलेली नव्हती. मनाशी पक्कं ठरवून बोलत होती. तात्यांनी जबरदस्ती केली नाही, पोवाडाच रद्द केला. पुढे ती भौतिकशास्त्राला गेली, नाव काढलं, आणि तात्या तिच्या प्रत्येक शिक्षकाला भेटून उपकार मानून आले. बापलेकीत वाकडं काही नव्हतं. रविवारी फोन होई. फक्त दोघांच्या कामांची दारं एकमेकांकडे उघडत नव्हती.

तात्यांनी फोन लावला. "रेवे, काम आहे. नाही म्हणालीस तरी चालेल. उपकार—"

"तात्या, आधी काम सांगा. उपकार नंतर."

काम ऐकून ती म्हणाली, "यादवकाळचा चुना मी किती वर्षं शोधतेय. असेल तर येते. तुमच्या सिनेमासाठी नाही, माझ्यासाठी."

"तेच बरं," तात्या म्हणाले.

जागा भार्गवनं निवडली होती: घाटाखालचं खडकोळी. तिथलं महादेवाचं देऊळ यादवकाळचं आहे हे पाटीवरच लिहिलेलं होतं, आणि युनिटचा तळही तिथेच पडला होता. रेवती यंत्राच्या पेट्या घेऊन उतरली. देवळाला एक फेरी मारली, खांबांवरून हात फिरवला आणि जोत्यावर बसून हसायलाच लागली.

"काय झालं?" भार्गव म्हणाला. "अस्सल हेमाडपंती आहे."

"तेच की. भार्गव, शाळेत इतिहासाला कोण होतं तुम्हाला? हेमाडपंती बांधणी म्हणजे काय, पाठ केलं असेल ना?"

पाठ सगळ्यांनीच केलं होतं. भार्गव, कॅमेरावाला, दोन्ही ट्रंपेटवाले, मेकअपच्या बाया, सगळे एका सुरात सुरू झाले: "दगडावर दगड, खाचेत खाच बसवून, चुना न वापरता—" आणि तिथेच सगळ्यांची तोंडं उघडी राहिली.

एवढी मोठी जागा रिकामी सोडल्यावर तात्या थोडेच थांबणार.

झील : चुना न वापरता, जी जी!

आणखी एक अंतरा

भार्गव डोकं धरून बसला. ज्या देवळाच्या दगडांत बोटभर चुना नाही अशा देवळात तो चुना ऐकायला सगळी वरात घेऊन आला होता. ट्रंपेटवाल्यांनी सामान बांधायला घेतलं. रेवती मात्र हातातली वय सांगणारी डबी घेऊन देवळामागे गेली ती बराच वेळ आलीच नाही.

देवळामागे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं. उन्हाळ्यामुळे कोरडं. आत उतरायला पायऱ्या, वर कातळाचंच छत, आणि एका भिंतीत भेग गेलेली. ती भेग कुणीतरी चुन्यानं बुजवली होती. काम साधारणच, चुना बाहेर ओघळलेला.

"तात्या," पायऱ्यांवरून हाक आली. तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून तात्या धावत गेले. "तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. टाकं गळत होतं आणि कुणीतरी डागडुजी केली. देवळातले दगड बसवणारे एवढे कसबी, त्यांचा मागमूस नाही. आवाज असलाच तर या गळतीवाल्याचा."

तात्यांनी त्या ओघळलेल्या चुन्याकडे पाहिलं. त्यांनीही जन्मभर भेगाच बुजवल्या होत्या: दोन प्रसंगांमधली भेग, नायकाच्या दोन वाक्यांमधली, शाहिराच्या दोन श्वासांमधली. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"बंद खोली, चारी बाजूंनी कातळ," रेवती सांगत होती. "आवाज आतल्या आत घुमत राहिला असणार, म्हणजे खोलवर उमटला असणार. यादवकाळचा पहिला निर्भेळ आवाज, तात्या. अशी जागा मला परत मिळणार नाही. परवानगी एकाच वाचनाची, आणि चुना तरी कुठं दुसऱ्यांदा सांगतो?"

"मी ऐकू?" तात्यांनी विचारलं.

"वाचताना? खाली? तिथं श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. आवाजानं लेसरचा ठिपका हलतो."

"तोंडाला कुलूप लावतो."

रेवतीनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या दाराशी येऊन आत येऊ का विचारत होते. "या," ती म्हणाली.

झील : या!

तिसरा अंतरा

तात्यांनी तोंडात अख्खी सुपारी धरली. जीभ हलू नये म्हणून. कानावर हेडफोन. वर भार्गवनं घोडासुद्धा लांब नेऊन बांधला होता.

यंत्राचा दिवा हिरवा झाला. आधी नुसती सरसर, वाळलेल्या पानांवरून कुणी चालावं तशी. मग त्या सरसरीतून एक ठोका आला. मग दुसरा. थापी! चुना दाबायची लाकडी थापी. थप, थप, थप-थप. साडेसातशे वर्षांपूर्वीचा तो हात लयीत होता. किंचित पुढे धावणारी लय, घरी जायची घाई असलेल्या माणसाची.

आणि तो गायला लागला.

गळा बेताचा, घसा बसलेला. शब्द पाण्याखालून यावेत तसे. "ये गा पाणिया..." पाण्याला बोलावत होता. गळकं टाकं बुजवताना माणूस आणखी कुणाला बोलावणार? ओळ चढत गेली, एका सुरावर जाऊन टेकली. तिथून एकट्या माणसाला खाली उतरता येत नाही असा तो सूर. आणि त्या सुरावर ओळ सोडून तो थांबला.

थांबला.

तात्यांनी डोळे मिटले. सुपारी दाढेखाली दाबली. मुठी वळल्या. वडिलांच्या डफाची कड आठवली. लेकीचा चेहरा आठवला. आणि तरीही, पोटातून, त्यांना न विचारता:

झील : पाणिया... ये गा!

टाक्यानं तो सूर झेलला आणि चारी भिंतींवरून फिरवला. दिवा लाल झाला. लेसरचा ठिपका थरथरला. रेवतीचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यात राहिला, कारण थांबवून काही उपयोग नव्हता. थर जळत पुढे चालला होता. थोड्या वेळानं यंत्र आपोआप शांत झालं. चुन्याच्या जागी राखाडी खड्डा उरला.

रेवतीनं हेडफोन काढले. "तात्या," एवढंच म्हणाली, आणि सामान आवरायला लागली.

वर भार्गव वाटच बघत होता. "तात्या! तो माणूस साडेसातशे वर्षं थांबला. तुम्हाला साडेसात सेकंद निघाले नाहीत?"

"तो थांबला होता, म्हणूनच तर," तात्या म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

देवळाच्या जोत्यावर ते चपला हातात घेऊन बसून राहिले. कुणीतरी चहा आणून दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच चहा घेऊन तात्या काही बोलले नाहीत.

इंटरव्हल

सिनेमाचं काय झालं ते इथेच सांगून टाकू, म्हणजे शेवटी मध्ये यायला नको. मोहोर मिळाली नाही. कंपनीनं सिनेमा परत केला. भार्गव आठवडाभर कुणाशी बोलला नाही आणि मग एका जत्रेत पडदा बांधून त्यानं तो स्वतःच दाखवला. शेवटच्या गाण्यात मुखड्यानंतर तात्यांनी काही घातलंच नव्हतं. जागा रिकामी ठेवली होती. पडद्यावर ओळ थांबली आणि तंबूतल्या बायाबापड्यांनी, पोरांनी, फुगेवाल्यानं ती उचलली. पुढच्या गावात वेगळ्या तऱ्हेनं उचलली. मग जत्रेजत्रेतून बोलावणी यायला लागली. असो. आपण खडकोळीला परत जाऊ. चहा निवत चाललाय.

झील : चहा निवत चाललाय.

अंतरा, जो आधी नव्हता

उन्हं कलायच्या सुमारास रेवतीनं त्यांना युनिटच्या आवाज नोंदवायच्या गाडीत बोलावलं. आत यंत्रांची ऊब होती.

"बसा. तुमचा आवाज वेगळा काढून बघितला," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "निघत नाही. त्याचा आणि तुमचा एकमेकांत बसलेत. खाचेत खाच."

"चुना न वापरता," तात्या पुटपुटले आणि जीभ चावली.

रेवतीच्या ओठांचा कोपरा हलला. "ऐका."

थापी. ओळ. थांबणं. मग तात्यांचा स्वतःचा आवाज, घुमत, लांबून आल्यासारखा. आणि त्याच्या पाठोपाठ खाली टाक्यात घाबरण्याच्या नादात तात्यांना ऐकूच आलं नव्हतं ते: तो माणूस हसला. मोकळं, खळखळून. आणि म्हणाला, "कवण गा?"

तात्यांनी लेकीकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

"कोण रे, म्हणतोय."

"मला?"

"तात्या, टाक्यात आवाज घुमतो. तो स्वतःच्याच घुमण्याची चेष्टा करतोय. लहान पोरं विहिरीत ओरडतात तसं."

"हां. बरोबर."

"तुम्हाला नाही."

"नाही, नाही. मला कशाला विचारेल? ओळख ना पाळख."

तिनं परत लावलं. दोघं परत ऐकत राहिले. हसल्यावर तो पुढची ओळ घेत होता, आणि ती आधीपेक्षा वरच्या पट्टीतली होती, साथ मिळालेल्या माणसानं घ्यावी तशी.

"एक गोष्ट मात्र मला लागत नाही," रेवती हळूच म्हणाली. "मी टाकं मोजलंय. आवाज तिथं किती वेळ घुमतो ते मला माहीत आहे. तो त्याहून जास्त थांबलाय. घुमणं विरलं, तरी थांबलाय. कशासाठी?"

हे मात्र तात्यांच्या हद्दीतलं होतं. "त्याचा झीलकरी आलेला नाही त्या दिवशी. पण जागा सोडायची सवय झालेली असते गं. मागे कोणी नसलं तरी सुटते जागा."

"मेला असेल तो? मागचा?"

"किंवा जेवायला गेला असेल. आपण चांगलं धरून चालावं."

रेवती हसली. मग गंभीर झाली. "मला अहवालात खरं लिहावं लागेल. आवाज भेसळ झालेला आहे. पहिला निर्भेळ आवाज म्हणून हा कुठंच उभा राहणार नाही. माझाही नाही, तुमच्या सिनेमाचाही नाही."

"लिही. माझं नाव नीट घाल. पाचंगे."

"तात्या, मस्करी नको."

"मस्करी नाही बाळा. तुझ्या हातातलं मी घालवलं. मी समोर बसलोय, राग काढ."

"सकाळी लई राग होता," ती म्हणाली. एरवी पुण्याची भाषा बोलणाऱ्या लेकीच्या तोंडून 'लई' आलेलं ऐकून तात्यांना आत कुठंतरी गार वाटलं. "आता शोधतेय, तर सापडत नाही. आजवर मी शेकडो भिंती ऐकल्या. सगळीकडे माणसं आपापसांत बोलतात आणि आपण चोरून ऐकतो. इथं पहिल्यांदा कुणीतरी बोललं आणि आपल्यातल्या कुणीतरी ओ दिली."

सवयीनं तात्यांनी मान तुकवली.

"दुसरी भेग शोधीन मी," रेवती उठत म्हणाली. "हेमाडपंती झाले म्हणून काय, आणखी कुठंतरी चुकलेच असतील. चला, खड्डा बुजवायचाय."

झील : चला.

पुन्हा मुखडा

वाचलेली जागा त्याच दिवशी ताज्या चुन्यानं बुजवायची, असा त्यांच्या कामाचा शिरस्ता. आणि चुना धरेपर्यंत तिथं चिडीचूप राहायचं, पुढच्यांसाठी आपला गोंगाट मागे सोडायचा नाही, असा रेवतीचा स्वतःचा शिरस्ता.

तिनं चुना कालवला, खड्ड्यात भरला आणि थापीनं दाबायला लागली. थप, थप, थप-थप. तात्या पायरीवर उभे होते, ओठ घट्ट मिटून.

"तात्या, गा."

"आणि तुझा शिरस्ता?"

"खोटं मागे सोडायचं नाही, एवढाच शिरस्ता. नाव सांगा, साल सांगा, मग गा. ते खरंच आहे की."

बातमी वर पोचली आणि सगळं युनिट टाक्यात उतरलं. घोडा मावला नाही, तो वरून डोकावत राहिला. तात्या चुन्यासमोर उभे राहिले. घसा खाकरला. आयुष्यभर कुणाच्या तरी मागे उभं राहिलेल्या माणसाला पुढे उभं राहायचं म्हटल्यावर हातांचं काय करावं ते समजेना. शेवटी त्यांनी ते जोडले.

"मी सयाजी पाचंगे. राहणार कोल्हापूर. साल दोन हजार बेचाळीस. ज्या दादानं ही भेग बुजवली, त्याला सांगतो. दादा, तुझं नाव कळलं नाही. तू विचारलंस कोण, तर मी. तू जागा सोडलीस, उपकार झाले. तुझं टाकं गळत होतं, त्याचेसुद्धा उपकार. आणि पुढं कधी कोणी हे ऐकत असाल, तर तुमचे आगाऊच मानतो. तुम्ही कान लावलात."

मग त्यांनी तीच ओळ घेतली. "ये गा पाणिया..." चढवत, चढवत त्या अवघड सुरावर नेऊन टेकवली, आणि सोडली.

आणि थांबले.

कुणी हललं नाही. भार्गवनं एका हातानं आपलं आणि दुसऱ्या हातानं ट्रंपेटवाल्याचं तोंड दाबून धरलं होतं. जागा पुढच्यांची होती. साडेसातशे वर्षांनी कुणीतरी यायचं होतं, उचलायचं होतं. चुना श्वास घेत होता. तात्या डोळे मिटून, जन्मात पहिल्यांदा, अर्धी ओळ अर्धी राहू देत होते.

आणि त्यांच्या मागून, अगदी मागून, बारीक, बिनरियाजाचा, सुराला जेमतेम शिवणारा आवाज आला:

झील : पाणिया... ये गा!

तात्या गर्रकन वळले. थापी हातात धरून रेवती उभी होती. तिनं दुसरा हात तोंडावर दाबला, पण उशीर झाला होता, आणि हाताचा चुना गालभर लागला.

"घराणंच असलं!" भार्गव ओरडला. टाक्यात सगळे हसायला लागले. वर घोडा फुरफुरला.

"रेवे, ती जागा पुढच्यांची होती."

"सुटली नाही हो मला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. "कशी आली काय माहीत. तुम्ही सोडलीत आणि—"

तात्यांनी लेकीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्या मागची जी जागा मोकळी होती, तिथं ती उभी होती. कुणी उभं केलं म्हणून नाही. आपण होऊन. त्यांना उपकार म्हणायचे होते. पण तोंडून आलं ते वेगळंच. खळखळून हसत त्यांनी विचारलं, "कवण गा?"

"मी आहे, तात्या."

"मग ही ओळ आपली. पुढची त्यांना देऊ."

त्यांनी पुढची ओळ घेतली. आधीपेक्षा वरच्या पट्टीत, साथ मिळालेल्या माणसासारखी. रेवती मागे थापीनं ठेका धरत होती. ओळ चढली, सुरावर टेकली. या वेळी रेवतीनं चुना लागलेले ओठ घट्ट मिटले. तात्यांनी ओळ सोडली, आणि दोघंही थांबले.

झील :